उन्हाळा सरताना घरच्या बागेत बी कसे धरावे

घरी धरलेले बी उगवलेच नाही, किंवा उगवले पण फळ भलतेच आले, अशी तक्रार ज्यांची असते त्यांनी बी काढताना सहसा काही चुकवलेले नसते. चूक त्याच्या महिनाभर आधी झाडावर झालेली असते, नाहीतर नंतरच्या पंधरवड्यात वाळवताना. हंगाम संपत आला की वेलावर चुकून राहिलेली जून काकडी तोडायची, बिया कागदावर पसरायच्या आणि दोन दिवसांनी पुडीत बांधून ठेवायच्या, एवढ्यालाच बहुतेक जण बी धरणे समजतात. खरे तर उन्हाळ्याचे शेवटचे पाच-सहा आठवडे बागेकडे बियाण्याच्या नजरेने पाहावे लागते, आणि कोणते काम कोणत्या कामाआधी करायचे हे ठरलेले असावे लागते.

पुढील क्रम एकाच हंगामात फुलून फळणाऱ्या झाडांसाठी आहे: टोमॅटो, वांगे, मिरची, भेंडी, घेवडा, चवळी, काकडी, भोपळा, दोडका, आणि फुलांमध्ये झेंडू, झिनिया, तेरडा, कोंबडा. कांदा, गाजर आणि कोबी सामान्यतः दुसऱ्या हंगामात फुलावर येतात, म्हणून ते येथे वगळले आहेत. मकाही वगळला आहे, कारण त्याचे पराग वाऱ्याने दूरवर जातात आणि मोजक्याच झाडांचे बी सलग धरले तर पुढच्या पिढ्या खुज्या व दुबळ्या होत जातात.

## टप्पा १: कशाचे बी धरायचे ते आधी ठरवा

बियांच्या मूळ पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ असे छापलेले असेल तर त्या झाडाचे बी धरू नये. ते उगवते, झाडही चांगले वाढते, पण संकरासाठी वापरलेल्या दोन वाणांचे गुण पुढच्या पिढीत विस्कटून बाहेर पडतात आणि दहा झाडे दहा तऱ्हांची निघतात. ज्याला सरळ वाण किंवा गावरान म्हणतात त्याचेच बी धरावे. विकत आणलेल्या फळातून बी काढण्याचा मोह टाळलेला बरा, कारण त्याचे वाण आपल्याला ठाऊक नसते, आणि काकडी, भेंडी, वांगे तर कोवळेच तोडलेले असते.

यानंतर आपल्या झाडाचे परागीभवन कसे होते ते पाहावे. टोमॅटो, घेवडा आणि वाटाणा यांच्या फुलात बहुतेक वेळा फूल पूर्ण उमलण्याआधीच किंवा उमलता उमलता त्याच फुलाचे पराग कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, पडतात, त्यामुळे दोन वाणांत तीन-चार मीटर अंतर असले तरी घरगुती वापरासाठी पुरते. चवळीही बहुतांशी याच गटातली. मिरची, वांगे आणि भेंडी अधल्यामधल्या आहेत. त्या स्वतःच्या परागावर फळतात, पण मधमाश्यांची वर्दळ असेल तर संकर सहज होतो. ढोबळी मिरची आणि तिखट मिरची शेजारी लावून ढोबळीचे बी धरले, तर पुढच्या वर्षी दिसायला गुबगुबीत पण जिभेला चटका देणारी मिरची मिळण्याची पुरेपूर शक्यता असते. अशा झाडांचे एका वेळी एकच वाण लावावे, किंवा उमलण्याआधी काही कळ्यांवर मलमलीची छोटी पिशवी बांधून फळ धरल्यावर ती काढावी.

वेलवर्गीय भाज्यांत नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे, त्यामुळे पराग किडेच आणतात आणि ते कुठून आणतील यावर आपला ताबा नसतो. मात्र येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. काकडीशेजारी दुधी किंवा कारले लावल्याने काकडी बिघडत नाही. या वेगळ्या जाती आहेत आणि त्यांचा आपसात संकर होत नाही. संकर होतो तो काकडीच्या दोन वाणांत किंवा लाल भोपळ्याच्या दोन वाणांत. शिवाय तो झाला तरी यंदाचे फळ तसेच राहते. फरक बियांत दडलेला असतो आणि पुढच्या वर्षी दिसतो.

सावधान: शोभेचे छोटे रंगीत भोपळे आणि खाण्याच्या झुकिनीसारखे भोपळे एकाच जातीचे असू शकतात. त्यांच्या संकरातून आलेल्या बियांची फळे अतिशय कडू आणि विषारी निघू शकतात, आणि शिजवल्याने तो कडूपणा जात नाही. घरच्या बियांचा भोपळा, दुधी किंवा झुकिनी चाखताना कडू लागली तर लगेच थुंकून फळ टाकून द्यावे.

## टप्पा २: झाड निवडा आणि खूण बांधा

हा टप्पा सर्वांत जास्त लोक गाळतात, आणि माझ्या मते बी धरण्यातले निम्मे काम येथेच आहे. उन्हाळ्याचा शेवट हा झाडांच्या परीक्षेचा काळ असतो. दिवसाचे तापमान सलग काही दिवस ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि रात्रीही पुरेशा थंड झाल्या नाहीत, की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात आणि फुले देठाशी पिवळी पडून गळतात. एकाच वाफ्यातल्या सहा झाडांपैकी पाचांची फुले गळत असताना सहाव्यावर वाटाण्याएवढी हिरवी फळे धरलेली दिसली, तर बी त्याच झाडाचे हवे. ही गोष्ट त्या आठवड्यातच दिसते. महिन्याभराने सगळी झाडे सारखीच सुकलेली असतात आणि कोणते झाड कोणते ते आठवत नाही.

म्हणून हातात वही ठेवावी आणि आठवड्यातून दोनदा, शक्यतो दुपार कलताना, फेरी मारावी. दुपारच्या उन्हात पान मलूल होणे स्वाभाविक आहे. सूर्य उतरल्यावर कोणते झाड लवकर सावरते ते पाहायचे असते. तुलना सारख्या परिस्थितीतल्या झाडांचीच करावी. मोठ्या कुंडीतले, सकाळचे ऊन मिळणारे झाड तजेलदार दिसते यात त्याच्या वाणाचा गुण किती आणि जागेचा किती हे सांगता येत नाही.

फळ कितीही देखणे असले तरी झाड रोगट असेल तर ते सोडून द्यावे. पानांवर फिकट-गडद हिरव्या चट्ट्यांची नक्षी आणि पाने आक्रसलेली दिसली तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. टोमॅटो आणि घेवड्यावरचे असे काही विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जातात. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा पांढऱ्या माशीमुळे पसरतो, तरी ज्या झाडाला तो चटकन झाला त्याचे बी धरण्यात शहाणपण नाही.

पालेभाज्यांच्या बाबतीत उलटी चूक होते. कोथिंबिरीचे किंवा मेथीचे जे रोप सर्वांत आधी फुलावर येते त्याचे बी सर्वांत आधी तयार होते, म्हणून तेच हाती लागते आणि तेच धरले जाते. असे तीन-चार वर्षे केले की पाने कमी आणि फुले लवकर असा वाण आपणच घरी तयार केलेला असतो. पालेभाजीचे बी सर्वांत उशिरा फुलावर येणाऱ्या रोपांचे धरावे आणि लवकर फुलणारी रोपे तेवढ्यापुरती उपटून टाकावीत.

निवड झाली की खोडाला रंगीत दोरा बांधावा आणि ज्या फळाचे बी धरायचे त्याच्या देठालाही वेगळा दोरा बांधावा. घरात इतर कोणी भाजी तोडत असेल तर दोऱ्याचा अर्थ त्यांना सांगून ठेवावा. मी सांगितला नव्हता, आणि वर्षभर जपायची म्हणून राखलेली भेंडी संध्याकाळी चिरलेली पाहिली आहे.

कोणते फळ राखावे? पहिल्या तोडणीतले राखले तर झाडाचा जोर बियांकडे वळतो आणि काकडी, भेंडी, घेवडा यांची पुढची फळे कमी होतात. अगदी शेवटचे राखले तर पिकायला दिवस उरत नाहीत आणि बी पोचट निघते. दुसऱ्या-तिसऱ्या बहरातले फळ राखणे सर्वांत सोयीचे. जागा असेल तर एक-दोन झाडे केवळ बियांसाठीच सोडावीत. टोमॅटो-घेवड्याचे बी निदान तीन-चार झाडांचे एकत्र करावे आणि परपरागीभवन होणाऱ्या वेलांचे पाच-सहांचे.

## टप्पा ३: वेलवर्गीय फुलांचे हाताने परागीभवन

एकाच जातीचे दोन वाण बागेत किंवा शेजारी असतील तरच हे काम करावे. नसतील तर थेट पुढच्या टप्प्याकडे जावे.

१. उद्या उमलणाऱ्या कळ्या आज संध्याकाळी ओळखाव्यात. भोपळ्याची अशी कळी टोकाशी पिवळी पडलेली पण मिटलेली असते. मादी कळीच्या मागे इवलेसे फळ असते, नर कळीचा देठ सरळ आणि बारीक असतो.

२. एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या निवडून त्यांच्या टोकांना सुती दोरा किंवा कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे सकाळी किडे आत शिरणार नाहीत. नर कळ्या शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या घ्याव्यात.

३. सकाळी ऊन चढण्याआधी नर फूल देठासकट तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात. मध्यभागी उरलेल्या दांड्यावर पिवळी भुकटी दिसली पाहिजे. मादी फुलाचा दोरा सोडून ती भुकटी कुक्षीच्या सगळ्या भागांवर हलकेच फिरवावी आणि दुसऱ्या नर फुलानेही तेच करावे.

४. मादी फूल लगेच पुन्हा मिटवून बांधावे आणि देठाला खुणेचा दोरा व तारखेची चिठ्ठी लावावी.

वेळेची चूक येथे फार होते. काकडी आणि लाल भोपळा सकाळी उमलतात, पण दुधी आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात. त्यामुळे त्यांच्या कळ्या दुपारी बांधून परागीभवन दिवे लागणीच्या सुमारास करावे लागते. दुधीच्या फुलावर सकाळी मेहनत करून काही उपयोग होत नाही.

तपासणी: चार-पाच दिवसांत इवले फळ फुगू लागले तर काम झाले. ते पिवळे पडून आकसले तर दुसऱ्या फुलावर पुन्हा करावे. अतिउष्ण दिवसांत पहिल्या प्रयत्नात न साधणे नेहमीचेच आहे.

## टप्पा ४: फळ झाडावर पुरते पिकू द्या

खाण्यासाठी फळ जेव्हा योग्य असते तेव्हा आतले बी बहुतेक भाज्यांत अजून कोवळे असते. टोमॅटो, लाल भोपळा आणि लाल झालेली मिरची हे अपवाद.

काकडी फुगून पिवळी, पुढे वाणाप्रमाणे नारिंगी किंवा तपकिरी होऊ द्यावी. तोडल्यावरही ती सावलीत आठ-दहा दिवस ठेवावी. त्या काळात बी आणखी भरते. लाल भोपळा तोडल्यावर तीन-चार आठवडे ठेवून मग कापावा. वांग्याची चमक जाऊन ते मळकट पिवळे किंवा तपकिरी होते आणि कातडी निबर होते. जांभळे, चमकदार वांगे कितीही मोठे असले तरी त्याचे बी पांढरे आणि पोचट असते. मिरची पूर्ण रंग चढून किंचित सुरकुतू लागली की तोडावी. भेंडी झाडावरच वाळून करडी झाली आणि तिच्या कडांना बारीक भेगा दिसू लागल्या की काढावी, त्याआधी नाही. दोडका वेलावर हलका होईपर्यंत वाळू द्यावा. हलवून पाहिला की आत बिया खुळखुळतात.

घेवडा आणि चवळीच्या शेंगा तपकिरी, कुरकुरीत झाल्या की वाळलेल्या तेवढ्या रोज काढत जावे. शेंगा भरत असताना पाणी तोडू नये, पण त्या रंग बदलू लागल्यावर पाणी कमी करावे. पाऊस तोंडावर आला असेल तर शेंगांसकट झाड मुळाशी कापून आडोशाला उलटे टांगावे. ओल्या शेंगेत बी झाडावरच मोड काढते किंवा काळे पडते.

सावधान: हिरवट शेंगा किंवा अर्धवट जून फळे ‘आत वाळतील’ म्हणून एकगठ्ठा तोडू नयेत. बी वरून वाळते, पण आत भरायचे राहिलेले ते कायमचे राहते.

## टप्पा ५: बी फळातून काढणे

टोमॅटो. टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पिशवी असते आणि तिच्यात उगवण रोखणारी द्रव्ये असतात. ओल्या फळात बी उगवू नये याची ती झाडाने केलेली सोय आहे. नुसते धुऊन ती जात नाही, म्हणून गर आंबवावा लागतो. पिकलेला टोमॅटो आडवा कापून गर आणि बिया काचेच्या भांड्यात पिळाव्यात. गर फार घट्ट असेल तरच दोन चमचे पाणी घालावे. पाणी जास्त झाले तर आंबणे मंदावते आणि बी फुटू लागते. भांड्यावर कापड बांधून ते सावलीत ठेवावे आणि दिवसातून एकदा ढवळावे.

दुसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे दिसतात आणि वास आंबट होतो. साधारण दोन ते तीन दिवसांत वर पांढुरकी साय धरते. उन्हाळ्याच्या तापलेल्या खोलीत हे दीड दिवसातही होते, म्हणून घड्याळापेक्षा भांड्याकडे पाहावे. एक बी चिमटीत घेऊन चोळावे: सुळकन निसटले तर पिशवी अजून शाबूत आहे, लव असल्यासारखे किंचित खरखरीत लागले तर वेळ झाली. मग भांडे पाण्याने भरून ढवळावे, भरीव बी तळाशी बसले की वरचा गर, साय आणि तरंगणारे पोचट बी ओतून टाकावे, आणि पाणी नितळ येईपर्यंत हे चार-पाच वेळा करून बी बारीक गाळणीत घ्यावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भांडे विसरणे. चौथ्या-पाचव्या दिवशी बियांच्या टोकाला पांढरा कोंब दिसू लागला तर ते बी वाळवून उपयोग नाही.

काकडी. हीच रीत, पण एक ते दोन दिवस पुरतात.

वांगे. बी बहुतेक खालच्या अर्ध्या भागात असते. तो भाग किसून किंवा चुरून पाण्यात कालवावा; गर वर येतो, बी खाली बसते. आंबवण्याची गरज नाही.

मिरची. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत मिरची उभी चिरावी आणि बी खरवडून घ्यावे. धुऊ नये. त्या हाताने डोळ्याला स्पर्श करू नये, हे सांगूनही प्रत्येक जण एकदा करतोच.

भोपळ्याच्या बिया धुऊन बोटांनी चोळून धागे काढावेत. शेंगवर्गीय आणि भेंडीच्या शेंगा कापडी पिशवीत घालून हाताने चुराव्यात, मग सुपात पाखडून भुसा उडवावा. काठीने जोरात झोडपू नये. घेवड्याच्या बीला आतून तडा गेला तर ते वरून धड दिसते आणि जमिनीत मात्र तुटके रोप येते.

सावधान: ‘बुडते ते चांगले, तरंगते ते वाईट’ ही कसोटी टोमॅटो, वांगे यांसारख्या ओल्या फळांच्या बियांपुरतीच वापरावी. झेंडू आणि झिनियाचे चांगले बीही तरंगते.

## टप्पा ६: फुलांचे बी

फुलांच्या बियांसाठी एकच मुख्य पथ्य आहे: हंगामाच्या शेवटी काही उत्तम फुले झाडावरच सोडून द्यायची आणि ती कुरूप होईपर्यंत हात लावायचा नाही. ती सकाळचे दव सुकल्यावर, कोरड्या दुपारी गोळा करावीत.

झेंडूचे फूल करडे पडले म्हणजे ते तयार झाले असे नाही; पाकळ्यांखालची हिरवी फुगीर वाटीही देठापर्यंत पिवळट-तपकिरी व्हायला हवी. मग सुकलेल्या पाकळ्यांचा झुबका धरून ओढला की बारीक काड्यांचा जुडगा अलगद बाहेर येतो. प्रत्येक काडी अर्धी काळी, अर्धी गवतासारखी फिकट असते. काळा भाग म्हणजे बी. तो कडक आणि भरीव असावा. चिमटीत दाबल्यावर वाकणारी काडी पोचट समजावी. संपूर्ण जुडगाच तसा निघाला तर ते झाड वंध्य संकरित असण्याची शक्यता आहे. आफ्रिकन आणि फ्रेंच झेंडूच्या संकरातून केलेली काही वाणे तशी असतात.

झिनियाचे बी पाकळीच्या बुडाशी आणि फुलाच्या मधल्या शंकूत, बाणाच्या टोकासारखे चपटे असते. रंगीत झिनियांचा वाफा एकत्र असेल तर मधमाश्या रंग मिसळतात, त्यामुळे लाल फुलाचे बी लावून लालच येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कोंबड्याच्या तुऱ्याच्या खालच्या बाजूला, देठाजवळ, चकचकीत काळ्या बारीक बिया असतात. तुरा कागदी पिशवीत झटकला की पुरे. तेरड्याची शेंग मात्र वाट पाहत नाही. ती फुगून फिकट झाली की स्पर्शाने फुटते आणि बी दूर उडते, म्हणून शेंग आधी मुठीत घ्यावी आणि मग दाबावी, किंवा एक-दोन दिवस आधी तिला मलमल बांधावी. गोकर्णाच्या शेंगाही वाळल्यावर पिळवटून तडकतात. त्या तपकिरी होताच काढाव्यात.

## टप्पा ७: वाळवणे

बी मरते ते बहुतेक येथेच. एका वर्षी मी काकडीचे बी तीन दिवस वाळवून, वरून अगदी कोरडे लागते म्हणून काचेच्या बाटलीत घट्ट बंद केले. दुसऱ्या सकाळी बाटलीच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब होते. तरीही ‘आणखी दोन दिवस बघू’ म्हणून ठेवले आणि आठवड्याने राखाडी बुरशीचा गोळा बाहेर काढला. बीजकवच कोरडे झाले तरी आतला गाभा ओला असतो, आणि तो ओलावा बाहेर यायला वेळ लागतो.

बी ताटात, काचेवर किंवा बारीक जाळीवर एकाच थरात पसरावे. मऊ कागदावर पसरले तर टोमॅटोचे बी असे चिकटते की सोडवताना लव आणि कागद एकत्रच येतात. पहिल्या दिवशी बी तीन-चार वेळा हाताने मोकळे करावे, नाहीतर त्याचे गठ्ठे बनतात आणि गठ्ठ्याच्या पोटात ओल राहते. जागा सावलीची, हवा खेळती. पंखा चालतो. तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, म्हणजेच उन्हाळ्याच्या भर उन्हात धातूच्या ताटात ओले बी ठेवू नये, आणि ओव्हन किंवा मायक्रोवेव्हचा तर विचारही करू नये. बारीक बियांना साधारण आठवडा, भोपळा-घेवड्याच्या बियांना दोन ते तीन आठवडे लागतात. दमट हवेत अधिक.

हवाच दमट असेल तर नुसते पसरून बी हवे तितके वाळणार नाही. अशा वेळी बियांच्या वजनाइतके सिलिका जेलचे कोरडे मणी एका पातळ पिशवीत घालून ते बियांसोबत बंद बरणीत आठवडाभर ठेवावेत. मणी रंग बदलणारे असतील तर ओलावा भरल्याचे लगेच कळते. ते काढून कोरडे मणी घालावेत.

तपासणी: घेवड्याच्या बीवर नखाचा व्रण उठता कामा नये, आणि हातोडीने ठोकल्यास त्याचे तुकडे व्हावेत, चपटे होऊ नये. भोपळ्याचे बी वाकवल्यावर काटकन मोडावे. टोमॅटो-मिरचीचे बी ताटात टाकल्यावर टणक आवाज करावे. थोडे बी काचेच्या बाटलीत बंद करून एक रात्र ठेवावे. आत धुके धरले तर सगळे बी पुन्हा पसरावे.

## टप्पा ८: साठवण आणि उगवणीची चाचणी

बियाण्याच्या साठवणीत बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचे दोन ढोबळ नियम वापरले जातात. बियांतला ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एका टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले की पुन्हा दुप्पट. म्हणूनच आधी वाळवण आणि मग थंडावा. ओले बी फ्रीजमध्ये ठेवून काही साधत नाही.

बी कागदी पाकिटात आणि पाकिटे हवाबंद काचेच्या बरणीत ठेवावीत. चिठ्ठीवर भाजी, वाण, वर्ष आणि टप्पा २ मध्ये नोंदलेले कारण लिहावे (‘उन्हात फळ धरले’, ‘उशिरा फुलले’). चिठ्ठी पाकिटाच्या आत घालावी. झाकणावर लिहिलेली नावे झाकणे अदलाबदल होईपर्यंतच खरी असतात. बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किंवा घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी.

घेवडा आणि चवळीला एक काम जास्तीचे आहे. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या बियांतही पुढे भोके पडतात. बी पूर्ण वाळल्याची खात्री झाल्यावर हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, ठेवले की अंडी आणि अळ्या मरतात. नीट न वाळलेले बी मात्र फ्रीजरमध्ये स्वतःच मरते.

घरगुती साठवणीत कांद्याचे बी जेमतेम वर्षभर टिकते. भेंडी आणि मिरची दोन-तीन वर्षे, घेवडा तीन, टोमॅटो, वांगे आणि भोपळा चार, काकडी पाचच्या आसपास. झेंडू-झिनिया दोन-तीन वर्षांत वापरून टाकावेत.

पेरणीच्या तीन आठवडे आधी दहा बिया ओलसर कापडात गुंडाळून, ते कापड सैल पिशवीत घालून उबदार जागी ठेवावे. घेवडा, काकडी, झेंडू आठवड्याभरात कळते. मिरची आणि वांग्याला दोन आठवडे द्यावेत. आठ किंवा अधिक उगवल्या तर नेहमीप्रमाणे पेरावे, पाच ते सात उगवल्या तर दाट पेरावे, त्याहून कमी असतील तर नवे बी शोधावे. ही चाचणी बी काढल्याबरोबर करू नये: वांग्याचे आणि सूर्यफुलाचे ताजे बी काही आठवडे सुप्तावस्थेत असू शकते आणि चांगले बी उगाच टाकले जाते.

चाचणीसाठी किंवा पेरणीसाठी बरणी फ्रीजमधून काढली की ती लगेच उघडू नये. थंड बियांवर खोलीतली दमट हवा पाण्याचे बारीक थेंब धरते, आणि महिनोन्महिने जपलेला कोरडेपणा त्या एका मिनिटात जातो. बरणी बंदच ठेवून रात्रभर बाहेर राहू द्यावी, सकाळी हवे तेवढे बी काढावे आणि झाकण लगेच घट्ट लावून बरणी परत आत ठेवावी.